माळकऱ्याची पाखरं

गळ्यात तुळशीची माळ आणि हाताखाली साठ टर्की कोंबड्या, अशा माणसाशी मी संसार केला. कुणाला सांगितलं की हसतात. मीही पुष्कळ हसले, पण मला तो हक्क होता. यांना भाकरी मी थापून घालत होते.

आम्ही परभणीकडचे. माझ्या मालकांचं नाव नागोराव. कागदावर लिहिते, तोंडाने अजून घेत नाही. तारापूरला अणूचा कारखाना बांधायला घेतला तेव्हा गावच्या चार माणसांबरोबर हे इकडे कामाला आले आणि मागून मी आले. वर्षभरात हे परांचीवरून पडले आणि कंबर धरली ती धरलीच. घमेलं उचलवेना. तेव्हा सालवडचे वाडीवाले धर्माजी पाटील म्हणाले, "गुरांतला माणूस दिसतोस. माझ्याकडे पाखरं सांभाळशील काय?" त्यांच्या वाडीच्या टोकाला पत्र्याची शेड होती आणि शेडला लागून एक खोली. आम्ही दुसऱ्याच दिवशी ट्रंक आणि जातं घेऊन तिथे राहायला गेलो.

कसली पाखरं ते नंतर कळलं. कारखान्यावर अमेरिकेचे साहेब होते, बायकापोरांसकट. दिवाळी झाली की त्यांचा एक सण येतो आणि त्या सणाला टर्की नावाची मोठी कोंबडी लागतेच लागते. ती इकडे कुठे मिळायला? धर्माजींनी हे हेरलं, एका मडमेशी बोलणं केलं आणि आगगाडीने पिल्लं मागवली. सदुसष्ट सालची गोष्ट.

"कसला सण हाय म्हणायचा?" यांनी विचारलं.

"आभाराचा," धर्माजी म्हणाले. "वर्षाचं पिकलं म्हणून देवाचे आभार मानतात ते लोक."

"आभार मानायला पाखरू कापतात?"

"आणि आपल्याकडं नवसाला बोकड कापतात, ते काय त्याची पूजा घालायला?" मी आतून म्हणाले. धर्माजी मोठ्याने हसले. हे हसले नाहीत.

जेवताना मीच विषय काढला. माळ गळ्यात आणि हे काम, मेळ कसा बसायचा? हे पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाले, "जन्म माझ्या हातात न्हाई, मरण माझ्या हातात न्हाई. मधले दिवस तेवढे हातात हायत. ते बरे जावेत." मी त्यांच्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकली. भाकरीही रेशनवरच्या तांबड्या मिलोची, अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची. त्या वर्षी पाखरं आणि आम्ही एकच धान्य खात होतो.

पिल्लं आली तेव्हा पाऊस धरून बसला होता. टर्कीचं पिल्लू इतकं भोळं असतं की समोर दाणा असला तरी तो खायचा असतो हे त्याला कळत नाही. कोंबडीचं पिल्लू जन्मल्या दिवशी उकरायला लागतं. ही मात्र दाण्यावर उभी राहून भुकेने रडायची. धर्माजी डोक्याला हात लावून बसले. मग यांनी एक युक्ती केली. यांच्या बोटात तांब्याची अंगठी आहे. ते बोट दाण्यावर टकटक करायचं. अंगठी चमकली की पिल्लं तिला चोच मारायची आणि चोचीत दाणा यायचा. "खा माउली, खा," असं म्हणत हा माणूस दोन दिवस उकिडवा बसून होता, कंबर दुखत असताना. साठातली चार गेली, बाकीची खायला शिकली. सगळ्यांना नाव एकच, माउली. कुणाला हाक मारली तरी सगळीच धावायची.

सगळ्यात लहान एक होतं. ते दाण्यापेक्षा अंगठीलाच जास्त चोच मारायचं. त्याच्यावर यांचा विशेष जीव.

खाद्याचा कागद धर्माजींनी पालघरच्या गुरांच्या डॉक्टरांकडून लिहून आणला होता. मिलोची भरड, शेंगदाण्याची पेंड, कोंडा, वरून ताक. आणि कोपऱ्यात एक वेगळं पोतं. त्याच्या तोंडाला सुतळी बांधलेली.

"ही हाडांची पूड," धर्माजी म्हणाले. "घमेल्याला दोन ओंजळी. हाताने नीट कालवायची, विसरायचं नाय. हे पिल्लू कोंबडीच्या दुपटीने वाढतं. तेवढी हाडं भरायला नको?"

यांनी विचारलं, "कुणाची हाडं?"

"हाडांची हाडं. भट्टीतून शिजवून दळून येतात."

"गाईचीबी?"

"त्यावर नाव लिहून येत नाय नागोराव," असं म्हणून धर्माजी छत्री उघडून गेले.

हे बराच वेळ त्या पोत्याकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, मी कालवते. माझं माहेर खाणारं. लग्नानंतर मी सगळं सोडलं, पण माळ घातली नाही. घरात एकाचा तरी गळा मोकळा असावा. पण यांनी मला शेडीत खाद्याजवळ येऊ दिलं नाही. म्हणाले, "पावसात तुझी बोटं सुजतात. हे काम माझं." ते खरंच होतं. आषाढ लागला की माझ्या बोटांची पेरं सुजून सुपारीएवढी होतात, साधी चोळीची गाठ सुटत नाही. मला वाटलं, माणूस धीर करून कालवत असेल. मी मनातल्या मनात कौतुकही केलं.

महिना झाला नाही तोच पिल्लांचे पाय गेले.

आधी एक दोन जरा फेंगडी चालायला लागली. मग गुडघ्यावर बसून राहायला लागली. मग उठेनातच. पंखांनी तूस ढकलत ताटलीपर्यंत सरपटत यायची आणि यांच्याकडे मान वर करून बघायची. अठरा पिल्लं अशी बसली. अंगठीला चोच मारणारं ते लहानगं सगळ्यांच्या आधी बसलं. हे त्याला धोतराच्या सोग्यात घेऊन हिंडायचे, एका हाताने बाकीच्यांना पाणी द्यायचे. यांचं जेवण निम्म्यावर आलं.

धर्माजी डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी पिल्लाचा पाय बोटात धरून वाकवला. ओल्या काडीसारखा तो वाकला.

"हाडं भरत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "पूड घालता ना?"

"रोज मापानं काढतो जी," हे म्हणाले.

"मग कळत नाही. ऊनही नाही म्हणा एवढ्यात." डॉक्टरांनी मान हलवली. धर्माजींनी मात्र तिथल्या तिथे सांगून टाकलं, "नारळी पौर्णिमेपर्यंत बघतो. तोवर उभी राहिली तर ठीक. नायतर बसलेल्या सगळ्यांच्या माना पिरगळायच्या आणि खड्डा करायचा. लुळी पाखरं साहेब घेत नाय, आणि रोग पसरला तर सगळीच जातील." पौर्णिमेला तीन आठवडे होते. यांनी सोग्यातलं पिल्लू जरा आत सरकवलं.

मला एक शब्द खटकला. हे म्हणाले होते, "काढतो." "घालतो" म्हणाले नव्हते. तीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याचं बोलणं मला आतून बाहेरून पाठ आहे. हा माणूस खोटं बोलत नाही, म्हणून त्याचं खरं नीट ऐकावं लागतं.

दुसऱ्या दिवशी शेडीमागे धुणं वाळत घालायला गेले तर तिथली केळ दिसली. आम्ही आलो तेव्हा माझ्या खांद्याला येणारी ती केळ पत्र्याच्या वर गेली होती. पानं काळीभोर, बुंधा दोन हातांत मावेना. बुडाशी पांढरं पांढरं काहीतरी पावसाने पसरलं होतं. आणि वळचणीला एक लांब काठी खोचलेली, तिच्या टोकाला नारळाची करवंटी बांधलेली. म्हणजे काठीने लांबूनच पोत्यातून पूड काढायची, मापाने काढायची आणि केळीला घालायची!

माझा राग मस्तकात गेला. हे शेडीत पिल्लापाशी बसले होते. मी दारातूनच विचारलं, "अवो, ती केळ कामून माजली एवढी?"

यांनी मान वर केली नाही.

"डॉक्टरांना काय सांगितलंत? मापानं काढतो. अठरा लेकरं लुळी पाडलीत तुमी!"

"खोटं बोललो न्हाई मी."

"खरंबी बोलला न्हाईत."

हे हळूच म्हणाले, "रंभे, त्यात गाईचं हाड असंल तर? ते मी हातानं कालवू? अन् या माउल्यांना चारू? दाणा खाणारी जात हाय ती."

"दाणा खाणारी? काल एकानं हातभर गांडूळ ओढलं माझ्यासमोर!"

"मी तिकडं बघत न्हाई," हे म्हणाले. एरवी मला हसू आलं असतं. अमेरिकेच्या कोंबड्यांना माळ घालायला निघालेला माणूस! पण यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "चार वेळा हात नेला गं पोत्यापर्यंत. जात न्हाई. हातच जात न्हाई. अन् यांचे पाय बघवत न्हाईत."

माझा राग जागच्या जागी विरला. मी त्यांच्या शेजारी तुसावर बसले आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं. म्हटलं, "मी घालते की. माझ्या गळ्यात कुठं माळ हाय?"

"नको. माझं पाप तुझ्या हातानं कामून?" असं म्हणून त्यांनी माझा हात धरून ठेवला. "शपथ हाय तुला." त्यांनी शपथ घातली, मी घेतली नाही. हा फरक त्यांच्या ध्यानात आला नाही असं मी धरून चालले.

त्याच आठवड्यात साखरबाई आली. ही दातिवऱ्याची कोळीण. बोईसरच्या बाजाराला गाडीने यायची आणि उरलेली मासळी सालवडच्या वाड्यांवर विकत फिरायची. आमच्याकडे तिची विक्री शून्य, पण पाटी बाहेर ठेवून माझ्या ओट्यावर टेकायची, चहा प्यायची आणि जगाच्या बातम्या सांगायची. तिने यांच्या सोग्यातलं पिल्लू बघितलं.

"याला काय झालाय?"

मी सांगितलं, पायाची हाडं भरत नाहीत. पुडीचं सांगितलं नाही.

"मग शिंपल्यांचा चुरा घाला ना! आमच्या दातिवऱ्याला कोंबड्या दर्यावर चरतात, शिंपल्या टोचून टोचून खातात. एकीचा पाय वाकडा असंल तर दाखव. आमच्या दारात कालवांच्या शिंपल्यांचा हा ढीग पडलाय. गोणभर आणते."

हे आतून बाहेर आले. "बाई, तेबी जिवाचंच झालं की."

"जीव कवाच गेला त्यातून. रिकामं घर हाय ते, दादा." साखरबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमी देव्हाऱ्यात शंख ठेवता ना? तो काय झाडाला लागतो?"

हे पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले. अगदी तोंडभर हसले. मला साखरबाईच्या पाया पडावंसं वाटलं.

गोण आली. यांनी शिंपल्या धुतल्या, चुलीपाशी वाळवल्या आणि उखळात कुटायला बसले. कंबर बांधून कुटायचे आणि माझ्या पिठाच्या चाळणीने चाळायचे. माझी चाळणी त्यात गेली ती गेलीच. बारीक चुरा खाद्यात, जाडा ताटलीत वेगळा. चुऱ्यात चमक होती, त्यामुळे पिल्लं आपणहून टोचायची. यांना कोण आनंद! "खा माउली, शंख हाय शंख."

पाच दिवस झाले. कुणी उठलं नाही. उलट आणखी दोन बसली. लहानगं तर मान टाकायला लागलं. शिंपल्यांचा गुण यायला वेळ लागत असेलही, पण वेळच नव्हता. धर्माजी पौर्णिमेला येणार म्हणजे येणार. आणि त्या दिवशी वीस पाखरांबरोबर माझ्या माणसाचं काय होईल ते मला दिसत होतं. आपल्या माळेपायी ती मेली हे घेऊन तो उरलेला जन्म काढणार होता. पाखरांचं एक वेळ सोसलं असतं. हे मला सोसणार नव्हतं.

हे पहाटे विहिरीवर आंघोळीला जात. ते गेले की मी शेडीत गेले. पोत्याची सुतळी पावसाने फुगून घट्ट झालेली. माझी बोटं चालेनात. शेवटी विळ्याच्या टोकाने गाठ उकलली आणि बोटाला लागलंही. मला वाटलं होतं, आपल्याला काही वाटणार नाही. लहानपणी काय हाडं चोखली नाहीत? पण पोत्यात हात घातला आणि अंगावर काटा आला. तीस वर्षं यांच्याबरोबर राहिले होते ना. मी तिथेच म्हटलं, "गाई, तुझं काही यात असेल तर रागावू नकोस बाई. लेकरांच्या पायांना लागतंय." आणि दोन ओंजळी खाद्यात कालवल्या, वरून शिंपल्यांचा चुरा पसरला. पोत्याला पुन्हा गाठ मारली, हात राखेने घासले आणि चूल फुंकत बसले.

दुसऱ्या दिवशी गाठीचा त्रास झाला नाही. सुतळीचं टोक ओढलं तशी सुटली. तिसऱ्या दिवशीही तसंच. म्हटलं, बोटांत जोर नाही, म्हणून आपली गाठच सैल बसत असेल. बरंच झालं म्हणायचं.

श्रावण लागला. अधूनमधून ऊन पडायला लागलं, तेव्हा हे पिल्लांना एकेक करून बाहेर गवतावर नेऊन बसवायचे. आणि श्रावणापासून यांनी संध्याकाळची दुसरी आंघोळ सुरू केली. दुखऱ्या कमरेने विहिरीतून पाणी ओढायचं आणि गार पाणी अंगावर घ्यायचं. मी ओरडले, "एवढा कसला सोवळेपणा वाढलाय?"

"श्रावण हाय," हे म्हणाले.

"मागच्या साली नव्हता श्रावण?"

हे नुसतेच टॉवेलने अंग पुसत राहिले.

पौर्णिमेला चार दिवस असताना सकाळी हे ओरडत आले. आधी मला वाटलं, साप निघाला. मी धावले. गवतावर एक पिल्लू उभं होतं. दोन्ही पाय लटपटत होते, पण उभं होतं. मग ते दोन पावलं चाललं आणि धपकन बसलं. पुन्हा उठलं. दुपारपर्यंत चार उठली. यांनी प्रत्येकाला हात जोडले. त्या दिवशी मीही देवाला गूळ ठेवला आणि गाईच्या नावानेही एक खडा ठेवला, कुणाला न सांगता.

नारळी पौर्णिमेला धर्माजी आणि डॉक्टर आले तेव्हा विसांतली सतरा हिंडत होती. तीन गेली होती. लहानगं अजून लंगडत होतं, पण आपल्या पायाने धर्माजींच्या वहाणेला चोच मारायला गेलं. डॉक्टर खाली वाकून बघत राहिले.

"काय केलंत?"

"शिंपल्या," हे म्हणाले. "दातिवऱ्याच्या साखरबाईच्या शिंपल्या!"

डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं. धर्माजींनी साखरबाईला अजून चार गोण्या सांगितल्या आणि साखरबाईने तो किस्सा वैतरणेपर्यंतच्या सगळ्या स्टेशनांवर सांगितला. आता खरं सांगायचं तर ती पाखरं कशाने उभी राहिली ते देवालाच ठाऊक. शिंपल्यांनी, पुडीने की उन्हाने, कुणी वेगळं काढून दाखवावं? पण मला आपली खात्री होती. आणि हे जाईल त्याला शिंपल्यांचं पुराण सांगत होते तेव्हा मी ओठ दाबून भांडी घासत होते.

भांडी घासता घासता जीव जळायचा. श्रेय नाही मिळालं म्हणून नाही. हा माणूस रोज संध्याकाळी गार पाण्याने आंघोळ करून, माळ घालून, देवापुढे बसून म्हणायचा, "माझा नेम राखलास रे," आणि त्याचा नेम मी रोज पहाटे मोडत होते, त्याच्याच पाखरांच्या ताटलीत. तीस वर्षांत यांच्यापासून मी एवढं काही लपवलं नव्हतं. सांगावं असं रोज ठरवायची आणि त्यांचं तोंड बघितलं की गिळून टाकायची. पाखरं मोठी झाली, नर पिसारा फुलवून गुरगुरायला लागले, दिवाळी आली आणि गेली. माझं सांगणं राहूनच गेलं.

सणाच्या आधी साहेबांची गाडी आली. मागे जाळीचे खोके, चढायला फळी लावलेली. ड्रायव्हर पंजाबी होता. तो म्हणाला, "पैर पकड़के उल्टा लटकाओ, जल्दी होगा।" हे पुढे होऊन म्हणाले, "पाय नको धरू भाऊ. चालत जातील." आणि फळीपाशी उभे राहून त्यांनी अंगठीचं बोट फळीवर टकटक केलं. "चल माउली." एकेक करून सगळी चढली. लहानगं शेवटी राहिलं. आता ते लहान कसलं, चांगलं ढोपराच्या वर येत होतं. पण जरा लंगडायचं. ते थांबलं, अंगठीला चोच मारली आणि मग टकटक करत वर गेलं. गाडी वळून तारापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत हे बघत होते.

"पायानं गेली," हे म्हणाले. एवढंच. मग शेडीत जाऊन रिकाम्या तुसावर बसले. मी बसू दिलं. मला रडू आलं ते मी बाहेर रडून घेतलं.

दुपारी काहीतरी काम काढावं म्हणून मी शेड झाडायला घेतली. कोपऱ्यात ते पोतं होतं, तळाशी थोडी पूड उरलेली. त्याच दिवशी पहाटे शेवटची ओंजळ काढून मीच बांधलं होतं. धर्माजींनी पोतं परत मागितलं होतं. म्हटलं, पूड केळीला झटकून टाकावी. खाली बसले आणि गाठीला हात घातला. सुटेना. पावसाळा संपला होता, बोटं उतरली होती, तरी सुटेना. मी ओढलं, नखं घातली. चांगली दुहेरी, घट्ट गाठ होती. माझीच, नेहमीची. अशीच गाठ मी सगळा पावसाळा मारत आले होते आणि रोज पहाटे ती एका ओढीत सुटत आली होती. माझे हात थांबले.

हे कधी उठून शेजारी आले ते कळलं नाही. ते वाकले, कंबर धरून खाली बसले आणि त्यांनी सुतळी माझ्या हातातून घेतली. गाठ उकलली. मग सवयीने, न बघता, पुन्हा बांधली. टोक दुमडून आत घातलेली सरकगाठ, गुराखी दाव्याला मारतात तशी. टोक माझ्याकडे केलं. मी ओढलं. ती सुटली.

मी विचारलं, "कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुझ्या बोटाला विळा लागलेला दिसला मला."

"अन् माळ?"

"सांजच्याला माळ खुंटीला ठेवायचो. गाठ बदलायची, आंघोळ करायची, मग घालायची."

म्हणजे ती दुसरी आंघोळ! आणि मी त्या आंघोळीवरून यांना किती बोलले होते. "मग मला बोलला का न्हाईत? चार महिने माझा जीव आत जळत होता!"

हे सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिले. "तू माझ्यासाठी लपवत होतीस. ते मोडवंना." मग म्हणाले, "अन् पाप म्हण न्हाईतर काम म्हण, सगळं तुझ्या एकटीच्या हातानं कामून? पोत्यात हात घालायचा माझा धीर न्हाई झाला. गाठीपुरता झाला. तेवढं तरी माझं."

मी पदर तोंडाला लावला. हे उठले, मला हाताला धरून उठवलं. पोत्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी धरलं, आणि आम्ही ते शेडीमागे नेलं. केळीला घड लागला होता. उरलेली पूड आम्ही दोघांनी मिळून तिच्या बुडाशी ओतली. चिकटलेली यांनी आत हात घालून झटकली. माळ गळ्यातच होती.